उलटा पंखा

ललिताबाईंच्या टायपिंग क्लासची पायरी शेवटची विद्यार्थिनी चढली ती दोन हजार एकच्या जानेवारीत. तीही पावसाळ्यात विसरलेली छत्री न्यायला. समोर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. द्वारका चौकातल्या त्या वरच्या मजल्यावर वीस वर्षं चाललेला खडखडाट थांबला.

हे सगळ्यात आधी जाणवलं खालच्या इसाकभाईंना. त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान.

"बाई, तुमच्या मशिनींच्या तालावर तार गुंडाळायची सवय. आता माझे वेढे चुकायला लागले."

पुण्याच्या भावाचा फोन आला, "एकटी काय करतेस तिथं? ये आमच्याकडे. पोरांकडे बघशील." बघशील म्हणजे काय काय, ते बाईंना न सांगता कळलं. चौथ्या दिवशी त्या जिना उतरल्या.

"इसाकभाई, मला शिकवाल?"

"या वयात? आणि हे बायांचं काम नाय."

"टायपिंगही बायांचं नव्हतंच म्हणे, सुरुवातीला."

इसाकभाईंनी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. न बघता चालणारी बोटं. मग एक जळकी मोटर पुढे सरकवली. "जुनी तार उपसा."

तीन महिने तेच. नखं काळी झाली, पदराला वॉर्निशचा वास लागला. आरतीला शेजारच्या बायका जरा सरकून उभ्या राहायच्या. बाईही सरकायच्या, त्यांना वारा लागावा म्हणून.

एप्रिल संपता संपता इसाकभाई म्हणाले, "दुकानचा रिवाज आहे. शिकणाऱ्यानं तार भरलेला पहिला पंखा उस्तादच्या डोक्यावर. महिनाभर, दिवसभर चालणार. जळला, तर खुदा हाफिज. टिकला, तर तो कोपऱ्यातला स्टूल तुमचा."

बाईंनी पंखा भरला. वेढा न् वेढा मनातल्या मनात टाइप करत. बटण दाबलं. आवाज गोड, थरथर नाही. फक्त वारा खाली येईना. छताची जळमटं तेवढी इसाकभाईंच्या टोपीवर आली. आतला तारेचा एक जोड उलटा बसला होता; पंखा उलटा फिरत होता.

"उघडून नीट करते!"

"हात नाय लावायचा. उघडला की महिना पुन्हा पहिल्यापासून. चालू दे."

त्या मे महिन्यात आख्खी द्वारका हसली. विंचूरहून मोटर घेऊन आलेला भिका वर बघत म्हणाला, "चाचा, पालीला गरम होतं का हो लय?" डबा घेऊन आलेल्या गुलजारबी नवऱ्याला पदरानं वारा घालत म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पंखा कधी जाळला नाही यांनी, आता स्वतः भाजून निघतायत."

इसाकभाई घाम पुसायचे आणि संध्याकाळी बटण बंद केलं, की टेबलावर चढून पंख्याच्या मोटरची वाटी चाचपायचे. तापली नाही ना, एवढंच.

बाई रोज शटर उघडून बटण दाबलं, की आधी हवा हुंगायच्या. जळका वास आला, तर पुण्याची बॅग भरायची होती.

एकतिसाव्या दिवशी इसाकभाईंनी स्वतः पंखा उतरवला, बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि कोपऱ्यातला स्टूल पायानं ढकलला. "बसा. आता करा सरळ."

तासाभरात जोड बदलला. पंखा पुन्हा चढला, फिरला, आणि इसाकभाईंची टोपी उडून थेट फुटपाथवर गेली.

"या अल्ला," टक्कल दोन्ही हातांनी झाकत ते म्हणाले, "एवढा वारा होता होय यात!"

पुढे त्याच स्टुलावर बसून बाईंनी किती पंखे भरले, त्याची गणती नाही. पण प्रत्येक पंखा सुरू केला, की आधी त्याच्याखाली तळहात धरायच्या. आणि वारा लागला, की नजर आपोआप इसाकभाईंच्या टोपीकडे जायची.