पुनर्परिचय

"ही मावशी हं, चिमे. मावशीला पाणी दे बघू," सासूबाई म्हणाल्या.

साडेचार वर्षांच्या चिमीने दोन्ही हातांनी पेला पुढे केला आणि पाहुण्यांना विचारतात तसे विचारले, "मावशी, तू किती दिवस राहणार?"

चिमीच्या आईने पेला घेतला आणि तसाच भरलेला फळीवर ठेवला. दोन वर्षे मनोरुग्णालयात काढून तिने नुकतेच घरात पाऊल टाकले होते. नवऱ्याला तिने मागच्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"मावशी?"

"आवाज वाढवू नकोस," तो म्हणाला. "कुणी ऐकलं तर म्हणतील, अजून बरी झालेली नाही."

या घरात आता चिडण्याची मुभा सर्वांना होती. फक्त तिला नव्हती. तिचा संताप यापुढे संताप नव्हे, लक्षण ठरणार होता. तिने आवाज उतरवला. शब्द उतरवले नाहीत.

"कुणाचं हे डोकं?"

"तुझ्या इस्पितळातल्या समुपदेशक बाईच म्हणाल्या. एकदम नको, हळूहळू पुनर्परिचय करून द्या. अगं, बरेच दिवस पडून असलेल्या मोटरीला आपण एकदम विजेचा पूर्ण दाब देतो का?"

दोघांचे मोटरदुरुस्तीचे दुकान होते. जोडणी तो करी. जळालेल्या मोटरीत तारेचे नवे वेढे ती भरी.

"नाही देत. पण पडून होती म्हणून तिच्यावरची नावाची पाटीही बदलत नाही. पुनर्परिचय म्हणजे होती तीच ओळख पुन्हा करून द्यायची. तुम्ही नवीनच काढलीत, तीही खोटी. मी फोन केला की दर वेळी चिमी झोपलेली! काय सांगितलंय तिला? आई कुठं गेली म्हणून?"

तो कडीशी चाळा करत राहिला. उत्तर सासूबाईंनी दाराबाहेरून दिले.

"देवाघरी. दुसरं काय सांगणार होतो? वेड्यांच्या इस्पितळात आहे म्हणून? पोरांनी जगू दिलं असतं का तिला?"

"म्हणून मला मारून मोकळ्या झालात."

"बघ, चिडलीस," नवरा म्हणाला.

"हो, चिडले. डोकं ठिकाणावर आहे म्हणूनच चिडले. न चिडता गप्प बसले, तर खुशाल परत पोचवा मला तिथं."

तिने दार उघडले. चिमी पलंगाखालून चेंडू ओढून काढत होती.

"मी सांगणार नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "खोटं तुम्ही सांगितलंत, निस्तरायचंही तुम्हीच. आणि आत्ता. हळूहळू नाही."

तो चिमीसमोर उकिडवा बसला. दोनदा घसा खाकरला.

"चिमे, ही मावशी नाही. ही... आई आहे."

चिमीने मान वर करून तिच्याकडे पाहिले, मग बापाकडे.

"कुणाची?"

त्याने सवयीने आपल्या आईकडे पाहिले. सासूबाईंनी तोंड फिरवले.

ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. खांद्यावरची पिशवी तिने अजून खाली ठेवली नव्हती.