उरलेलं ऊन

शिलाई मशीनवर घातलेली चादर.

छतावर निळ्या काचा. त्यांवरून सरकणारी ढगाची सावली.

उघडी बरणी, झाकण फिरवायला जमलेलं नाही.

"पंखा कुणी चालू ठेवलाय?"

हे सगळं आमच्याच घरातलं, आवाज सासूबाईंचा.

सासूबाईंची बोटं आखडत चालली होती. जन्मभर कपडे शिवलेली बोटं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज दुपारी हात गरम पाण्यात ठेवा, नाहीतर मुठी मिटलेल्याच राहतील. सासूबाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन गार पाण्यातच हात धुतले.

"माझ्या बोटांपायी वीज जाळायची? काहीतरीच."

मी वायरिंगची कामं करते. छतावरच्या सौर काचांची वीज घराला पुरून उरली, की उरलेली न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या टाकीकडे वळवणारी एक पेटी मी बसवली.

पाणी गारच.

पेटी उघडली, तारा तपासल्या, पुन्हा लावल्या. गारच. नवरा म्हणाला, "तुझ्यावरच गेलीय. मनात येईल तेव्हा काम करणार."

मग एकदा काम लवकर संपलं. दुपारीच घरी आले, तर सासूबाई न्हाणीघरावरून जाता जाता, तिकडे न बघता, टाकीचं बटण बंद करून गेल्या. कोपरानं.

"आई, बंद का केलंत?"

"आत कुणी नव्हतं."

"कुणी नसतानाच तर ती तापते."

"मग तर आणखीनच वाईट."

मी बटण लावलं. पेटीवरचा हिरवा दिवा भराभर लुकलुकू लागला, टाकीत बारीक सूं सूं सुरू झालं. तेवढ्यात खिडकीबाहेर अंधारून आलं. दिवा मंदावला. सूं सूं विरलं. सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं, मग दिव्याकडे. ढग सरकला. भिंत उजळली, त्याच क्षणी दिवा पुन्हा पळायला लागला.

त्या खाली बसल्या. जमिनीवरच.

"वरचं खाली येतंय?"

"हो."

"आपण वापरून उरलेलं?"

"हो. नाहीतर तारेतून बाहेर जातं. आपल्याला काही मिळत नाही त्याचं."

"म्हणजे इतके दिवस मी ऊन वाया घालवत होते?"

त्या दिव्याकडे बघत राहिल्या. ढग आला की श्वास धरायच्या, गेला की सोडायच्या.

ऊन कलल्यावर मी घमेलं भरलं. वाफ आली. त्यांनी दोन्ही मुठी पाण्यात सोडल्या आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट. पाण्याखाली तळवा हळूहळू उघडत गेला, आणि आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो.

"आकाशात हात घातलाय गं मी," त्या हळूच म्हणाल्या.

ही टाकी सासऱ्यांनी आणली होती, आणि ते होते तोवर, बिलाच्या धास्तीनं, ती एकदाही पूर्ण तापली नव्हती.