मास्तरांनी चाकं पसंत केली

मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती, पण गाडी दिसते कशी याची काळजी घरात फक्त त्यांनाच होती.

मास्तर म्हणजे शिंपी. कुणाच्या खांद्यावर कुठला कोट बसेल, कुणाला कुठला रंग उठून दिसेल, हे सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांची बायको गाडी चालवायला शिकवायची, त्यामुळे तिला सगळे बाई म्हणत. शिकवायची गाडी क्लासची. घरची निराळी: छोटी, पांढरी, वय झालेली पण सांभाळलेली. संध्याकाळी बाई ती घेऊन मास्तरांच्या दुकानासमोर थांबत आणि मास्तर शटर ओढून शेजारी येऊन बसत.

एकदा चाकावरचं प्लास्टिकचं झाकण रस्त्यात कुठेतरी निखळून पडलं. मास्तर फुटपाथवर उभे राहून खालची उघडी पडलेली काळी लोखंडी चकती बघत राहिले.

"सुटाखाली न्हाणीघरातल्या चपला," ते म्हणाले. "आता अलॉय व्हीलच घेऊ."

"मला काही फरक पडत नाही. आतून चाकं कुठे दिसतात?"

"तू आत बसतेस गं. बाहेरून बघतो मी."

बाई हसल्या. मास्तरांनी तो होकार समजला.

मग ते कामाला लागले. खाकी कागदावर त्यांनी गाडी काढून कापली आणि तऱ्हेतऱ्हेची चाकं कापून टाचणीनं तिला लावून पाहिली. पँटची लांबी कमी करायला आलेल्या गिऱ्हाइकांना आधी चाकांवर मत द्यावं लागे, मग त्यांची पँट हातात घेतली जाई. बाजारातल्या पार्किंगमध्ये मास्तर परक्या गाड्यांपुढे उकिडवे बसून आरे न्याहाळू लागले. शेवटी तिथल्या रखवालदारानं "काका, काही हरवलंय का?" असं विचारलं.

चाकांच्या दुकानात भिंतभर चाकं टांगलेली होती. मास्तर थेट एका काळ्याभोर जोडीपुढे जाऊन थबकले. मोठी, रुंद, काठाला लाल रेघ.

"अहो, ही आपल्या गाडीला?" बाई म्हणाल्या. "पाचवीतल्या मुलीनं आईच्या उंच टाचा घातल्यासारखं दिसेल."

"रुबाब येईल."

दुकानदाराला गिऱ्हाईक दुखवायचं नव्हतं. "थोडी मोठी होतील," तो म्हणाला. "पण पुढची दोन लावून देतो. मागे आमचंच मोकळं आवार आहे, चक्कर मारून बघा."

चाकं लागली. बाईंनी किल्ली मास्तरांपुढे धरली.

"मला कुठे येते?"

"मी शेजारी आहे की. पसंती तुमची, तर घालूनही तुम्हीच बघा. तुमच्याकडे कोट शिवायला टाकणारा माणूस माप बघायला दुसऱ्याला पाठवतो का?"

लग्नाला इतकी वर्षं होऊनही मास्तर स्टिअरिंगमागे कधी बसले नव्हते. त्यांनी शर्ट नीट केला, सीट पुढे घेतली, आरसा स्वतःकडे वळवला.

"त्यात मागचा रस्ता बघायचा असतो," बाई म्हणाल्या.

दोनदा गाडी आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा ती हलली. भिंत जवळ आली तशी बाईंनी वळायला सांगितलं. मास्तरांनी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला.

"हे काय वाजतंय?"

"टायर घासतंय पत्र्याला."

"नवीन आहे. वापरात आलं की बसेल."

बाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. घट्ट गळ्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आपण हेच सांगतो, हे मास्तरांच्या ध्यानात आलं आणि त्यांचे कान लाल झाले. पुढच्या खड्ड्यात चाक आदळलं तेव्हा धक्का थेट त्यांच्या दातांपर्यंत पोहोचला.

"बरं," ते म्हणाले. "नाही बसत."

"मग थांबवा गाडी."

"आणखी एक चक्कर मारतो."

एकाच्या तीन झाल्या. मास्तर ओठ दाबून, खांदे वर काढून चालवत होते, आणि वळणावर खर्र झालं की दाराशी उभ्या दुकानदाराचा जीव खालीवर होत होता. शेवटी तोच आडवा आला. "मास्तर, टायर विकायचंय मला अजून."

दुसऱ्यांदा चाकांच्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर मास्तरांनी रुबाबाचं नाव काढलं नाही. दुकानदारानं गाडीला होणारी मोजकीच चाकं खाली काढली. त्यातलं एक रुपेरी, बारीक आऱ्यांचं, मास्तरांनी हातात घेतलं, त्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि ते गाडीपाशी नेऊन जरा लांबून पाहिलं.

"ही. अंगचीच वाटतात."

"म्हणजे एवढा खटाटोप करून कुणाला कळणारही नाही," बाई म्हणाल्या. पण त्यासुद्धा गाडीभोवती एक फेरी मारून आल्या, आणि आल्यावर म्हणाल्या, "छान आहेत."

चाकं बसेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली. मास्तरांनी घसा साफ केला.

"तुझ्या क्लासात जागा आहे का गं?"

"सकाळच्या पहिल्या तुकडीत आहे. उशीर चालत नाही."

"घरच्या माणसाला काही सवलत?"

"घरच्या माणसाला आधी गाडी पुसावी लागते."

रीतसर शिकाऊ परवाना काढून मास्तर पुढच्याच आठवड्यापासून जाऊ लागले. पहिले दोन दिवस ते मागच्या सीटवर एका नर्सबाईंशेजारी बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची पाळी आली. भर रस्त्यात, सिग्नलला, शेजारी एक लांबलचक निळी गाडी येऊन थांबली आणि मास्तरांची मान आपोआप तिच्या चाकांकडे वळली.

"हिरवा लागलाय, मास्तर," बाई म्हणाल्या. घरी त्या त्यांना कधी मास्तर म्हणत नसत. मागे नर्सबाई खुदकन हसल्या. मास्तरांनी निमूटपणे गिअर टाकला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गाडी आचका न देता पुढे गेली.