‘नवीन’ नावाचा फोल्डर

उदगीरच्या कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर माधवरावांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांचे आवाज त्यांनी ध्वनिमुद्रित केले आणि एका वेबसाइटवर ठेवले. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, स्वस्तातलं होतं, अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर ठेवणारं. ज्याने साइट उभी करून दिली त्याने ती ‘नवीन’ नावाच्या फोल्डरात बसवली, आणि तो शब्द पत्त्याच्या शेपटीला कायमचा चिकटला.

नांदेडच्या चर्चासत्रात तो पत्ता पडद्यावर आला तेव्हा प्राध्यापक अनिमेष हसत म्हणाले, “माधवराव, हे नवीन अजून किती वर्षं नवीन राहणार?” सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. तरी परतीच्या एस.टी.त माधवरावांचे कान गरमच होते.

घरी आल्यावर त्यांनी इंटरनेटवर वाचून, कुणाला न विचारता, काम सुरू केलं. सेटिंगमध्ये पत्त्यातला शब्द काढला, फोल्डरातली एक छोटी फाइल बाहेर आणली, तिच्यातली एक ओळ बदलली. साइट नव्या पत्त्यावर उघडली. त्यांना वाटलं, सगळंच बाहेर आलं. ग्रंथालयात पुस्तकं नव्या कपाटात लागली की जुनं रिकामं कपाट ते लगेच हलवायला लावत. त्याच सवयीने त्यांनी ‘नवीन’ फोल्डर पुसून टाकला.

पडदा पांढरा झाला. पुस्तकं जुन्याच कपाटात होती. त्यांनी बदलली होती ती फक्त दारावरची पाटी.

होस्टिंगवाल्यांनी फोनवर सांगितलं की मजकूर वेगळ्या जागी असतो, तो परत लावता येईल. आवाजाच्या फाइल मात्र गेल्या. या योजनेत आम्ही प्रत ठेवत नाही, असं ते म्हणाले. अनिमेषांनी काही वर्षांपूर्वी एका लेखासाठी बरेच आवाज उतरवून घेतले होते, ते त्यांनी काही न विचारता पाठवले. जळकोटकडच्या नागुबाईचा आवाज त्यांत नव्हता. तो त्यानंतरचा होता, आणि रेकॉर्डरमधला मूळ आवाज माधवरावांनी जागा हवी म्हणून आधीच पुसला होता. नागुबाई तर गेल्या वर्षी वारली.

तिची मुलगी सिंधु जळकोटजवळच्या गावात राहते. माधवरावांनी पाठवलेली लिंक दाबून ती रोज आईच्या ओव्या ऐकत असे. तिचा फोन आला.

“सर, मायचा आवाज लागंना झालाय. माझंच चुकलं बघा. सकाळी, सांजंला, गुरांपाशी, लई वाजविला मी. झिजला असंल.”

माधवरावांच्या तोंडून एवढंच निघालं, “बघतो.”

बायको सौदामिनी शेंगा सोलत होती. तिने विचारलं, काय म्हणाली? त्यांनी सांगितलं.

“आणि तुम्ही?”

“‘बघतो’ म्हणालो. तुझी चूक नाही, असं नाही म्हणालो.”

“म्हणजे हो म्हणालात,” ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

पुढचे काही दिवस ते साइट नीट करत बसले आणि रोज फोन उचलून खाली ठेवत राहिले. शेवटी एके सकाळी जळकोटच्या गाडीत बसले.

सिंधुने अंगणात खाट टाकली. फोन कुठाय असं त्यांनी विचारलं, तर तिने तो घरातून, ट्रंकेतून आणला. लुगड्याच्या घडीत बंद करून ठेवला होता.

“जरा दम खाऊ द्यावा म्हणलं आवाजाला. यील परत.”

“सिंधुताई, तो ऐकण्याने झिजत नाही,” माधवराव म्हणाले. “मी पुसला. चुकून, पण मीच. तो आता येणार नाही.”

तिने फोन खाटेवर ठेवला.

“फोनवरच का न्हाई सांगितलं? मी रोज सोताला शिव्या घालीत राहिले.”

शेजारची बाई डोकावून गेली. सिंधुने चहाचं काही विचारलं नाही. फोन चालू करून तिने त्यांच्या हातात दिला आणि कुठं होतं ते दाखवा म्हणाली. त्यांनी पान उघडलं. नागुबाईचा फोटो होता, नाव होतं, ओव्यांचे शब्द होते. खाली रिकामी जागा.

“इथं लिवा, का गेला ते.”

त्यांनी तिथेच खाटेवर बसून, आपला पासवर्ड टाकून एक ओळ लिहिली.

“वाचा.”

“काही अडचणीमुळे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही.”

“अडचणीला नाव न्हाई का, सर?”

माधवरावांनी ओळ पुसली. ‘नागुबाईंचा आवाज माझ्या हातून पुसला गेला,’ असं लिहून त्यांनी खाली आपलं पूर्ण नाव घातलं आणि मोठ्याने वाचलं. सिंधु खाटेच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

“आता ते बाकीचं वाचा,” ती म्हणाली. “मायचे शब्द.”

त्यांना चाल येत नव्हती. ते नुसतं वाचत गेले.