बोटांखालचं पान

आमच्या कॉलेजात माझ्या नोट्सना भाव होता. सर खोकले तरी ते ज्योत्स्नाच्या वहीत उतरतं, असं मैत्रिणी चिडवायच्या आणि मला ते कौतुकच वाटायचं. शीर्षक लाल, व्याख्या हिरवी, उदाहरणं निळी, आणि अगदीच महत्त्वाचं काही असलं तर खाली जांभळी रेघ. परीक्षा तोंडावर आली की कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याकडे माझ्या वह्या मुक्कामाला असायच्या. पेपरात मात्र माझी एक गंमत व्हायची. उत्तर डाव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, हिरव्या शाईत आहे हे मला लख्ख आठवायचं. ते उत्तर काय आहे, एवढंच आठवायचं नाही.

अक्षर माझं चांगलं होतं. त्या अक्षरापायीच १९९६च्या एप्रिलमध्ये मी रायटर झाले. ज्याला दिसत नाही असा विद्यार्थी पेपर तोंडी सांगतो आणि शेजारी बसून जो उतरवून घेतो, तो रायटर. तो खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणजे त्याच्या पदरचं ज्ञान उत्तरात शिरायला नको. टी.वाय.ला इतिहास घेतलेल्या वाल्मीकला रायटर हवा होता. अकरावीच्या आमच्या बाईंनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. मी मामाकडे जायची बॅग भरून बसले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी मी लायब्ररीच्या व्हरांड्यात गेले ती तोंड फुगवूनच.

वाल्मीक सिन्नर तालुक्यातल्या एका गावचा. जन्मापासूनच त्याला दिसत नव्हतं. उंच, सडपातळ, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"ताई, तुमाला आधीच सांगून ठेवतो," तो म्हणाला. "हॉस्टेलवरची माझी मुदत आता संपली. औंदा पास झालो तर बी.एड.ला नंबर लागंल. नाय लागला तर गावाला जाऊन ओट्यावर बसायचं. चुलते म्हणत्यात, बस की, खायला काय कमी हाय. कमी काय नाय. पण मानसानं बसायचं तरी किती?"

एसटीचं टाइमटेबल सांगावं तशा आवाजात तो हे बोलला. मी पुस्तक उघडून वाचायला लागले.

पुढचे काही दिवस हेच चाललं. मी वाचायची, तो ऐकायचा. त्याच्या मांडीवर ब्रेलची पाटी असायची, तिच्यात जाड कागद अडकवलेला आणि हातात दाभणासारखा एक टोचा. उजवीकडून डावीकडे तो एकेक टिंब टोचत जायचा. मग कागद पालथा करायचा की टिंबं वर उठून आलेली असायची, आणि ती डावीकडून उजवीकडे बोटानं वाचायची. मी पानभर घडाघडा वाचलं तर त्याचं टकटक जेमतेम चार शब्दांपुरतं व्हायचं. मला तो अपमान वाटला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"मी अख्खं पान वाचलं, दादा."

"आन् मी अख्खं ऐकलं की. सगळं टोचत बसलो तर हात तुटंल माझा. आदी पान पोटात जाऊ द्यायचं. मग ज्या शब्दाला धरून बाकीचं वर येतं, तेवढाच टोचायचा. तो शोधायलाच टाइम लागतो. टोचायला काय."

ठीक आहे, म्हटलं, ज्याची त्याची पद्धत. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी कळलं की टोचलेले सगळे कागद त्यानं हॉस्टेलवरच्या धाकट्या मुलांना वाटून टाकलेत. मी माझी एक वही कुणाला द्यायची तर हातावर हात मारून वचन घ्यायची.

"मग उद्या सकाळी काय वाचणार तुम्ही?"

"काय नाय. टोचलं तवाच काम झालं ना, ताई."

मी मनात म्हटलं, हा काही ओटा चुकवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पहिल्या पेपरालाच माझं मनातलं बोलणं माझ्याच अंगावर आलं. तो सांगत होता आणि मी उतरवत होते, आणि माझा हात मागे पडत होता. बोलताना सिन्नरचा असलेला हा माणूस उत्तर सांगायला लागला की पुस्तकी मराठीत, स्वल्पविरामासकट सांगायचा. सांगताना त्याची बोटं बाकावर हलत राहायची. काही लोकांना पाय हलवायची सवय असते, तशी ही सवय असेल असं मला वाटलं. सुपरवायझर पेंगत होते. त्यांना काहीच वाटलं नाही.

शेवटचा पेपर मराठ्यांच्या इतिहासाचा. त्या दिवशी सुपरवायझर म्हणून खैरनार सर आले. बाहेरच्या कॉलेजातून येणारे हे सर कॉपी पकडण्यात तरबेज म्हणून प्रसिद्ध होते. कॉलरीत, मोज्यात, घड्याळाच्या पट्ट्याखाली, कुठेही लपवा, सरांना ती दिसायची. मुलं त्यांना एक्स-रे म्हणायची. आमच्या बोलण्याचा इतरांना त्रास नको म्हणून आम्हाला खेळाच्या सामानाच्या खोलीत एकच बाक टाकून दिलेला असायचा. सर दाराशी खुर्ची घेऊन बसले.

दोन प्रश्न सुरळीत झाले. तिसऱ्याच्या मध्यावर सर उठले, आमच्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. "हात वर घे."

वाल्मीकनं हात वर घेतले. सरांनी वाकून बाकावर तळवा फिरवला. कॉलेजचा बाक तो. पिढ्यान्‌पिढ्यांनी कर्कटकानं नावं कोरलेली, बदाम काढलेले, टोचून टोचून चाळणी केलेली.

"हे ठिपके कसले?"

"मला कसं माहीत असंल, सर. पोरांनी केलं असंल."

"तुझी बोटं तर यावरूनच फिरतायत. ओळीनं. वाचल्यासारखी."

"ती माझी..." वाल्मीक अडखळला. "सर, ती हलत्यात तशीच."

"मग नको हलवूस. हाताची घडी घाल आणि सांग पुढचं."

वाल्मीकनं हाताची घडी घातली. मी पेन टेकवून वाट पाहत राहिले. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. "पानिपतानंतर," तो म्हणाला, "पानिपतानंतरच्या काळात..." आणि तिथेच थांबला. नुकताच वाहत असलेला नळ कुणी बंद करावा तसं झालं. त्याला येत नाही असं नव्हतं. ते उत्तर त्यानं व्हरांड्यात मला दोनदा सांगितलं होतं, एकदा तर भेळ खाता खाता.

सरांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. तो कसला हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. कॉपी केस झाली की एकच पेपर जात नाही, सगळी परीक्षा जाते.

"हात काढले की उत्तर बंद," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं वाईटच वाटल्यासारखं होतं. "आणखी काय पुरावा पाहिजे? नाव सांग पूर्ण."

वाल्मीक नाव सांगायला लागला. खाली मान घालून, निमूटपणे सांगायला लागला, आणि माझं डोकं फिरलं. माझी आई म्हणते तसं, माझ्या जिभेला हाड नाही.

"सर, बाक बदला."

"तू मध्ये बोलू नकोस. रायटरचंही नाव जातं यात."

"जाऊ द्या माझं नाव. पण बाक तुम्ही बदला. तुम्हाला पाहिजे तो आणा, तुम्हीच तपासा. मग त्यांना सांगू द्या. नाही आलं तर लिहा दोघांची नावं."

सर माझ्याकडे बघत राहिले. एवढंसं कार्टं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण माणूस नियमाचा होता, आणि मी म्हटलं त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दुसरा बाक नव्हता. लेझीम होत्या, गाद्या होत्या, फाटकी नेट होती. भिंतीला कॅरम बोर्ड टेकून ठेवलेले होते. त्यातला एक त्यांनी स्वतः ओढून काढला, उजेडात धरून तिरपा करून पाहिला, मागची बाजूही पाहिली, आणि आमच्या बाकावर आडवा ठेवला. गुळगुळीत लाकूड, त्यावर पावडरीचा पातळ थर.

"आता ठेव हात," सर म्हणाले.

वाल्मीकनं दोन्ही हात बोर्डावर ठेवले. आधी कडा चाचपली. मग डावं बोट डावीकडे टेकवून ठेवलं आणि उजवं बोट त्याच्यापासून सरळ पुढे नेलं. ओळ संपली. डावं बोट किंचित खाली सरकलं, उजवं त्याच्याजवळ परत आलं आणि पुन्हा पुढे निघालं.

"पानिपतानंतरच्या काळात," तो म्हणाला, आणि पुढे थांबलाच नाही.

मी लिहीत होते, पण माझे डोळे कागदावर राहत नव्हते. पावडरीत ओळी उमटत होत्या. एकाखाली एक, सरळ, सारख्या अंतरावर. कुठे बोट थबकायचं आणि तिथून चार-पाच वाक्यं बाहेर यायची, मग ते पुढे सरकायचं. त्या कोऱ्या लाकडावर एक पान होतं. मला ते दिसत नव्हतं, सरांना दिसत नव्हतं, आणि ज्याला कधी काहीच दिसलं नव्हतं तो ते वाचत होता. देवळात गेल्यावर सगळे म्हणतात तसं मला कधी काही झालं नव्हतं. ते त्या खेळाच्या खोलीत झालं.

खैरनार सर खुर्चीवर परत गेले नाहीत. फॉर्म हातात तसाच धरून बाकाशी उभे राहिले.

चौथा प्रश्न सालबाईच्या तहाचा होता. महादजी शिंदे मध्यस्थ, इंग्रजांनी राघोबाचा पक्ष सोडला, साष्टी त्यांच्याकडेच राहिली, असं सगळं ओळीनं आलं. "हा तह सन सतराशे..." इथे तो अडला. बोट मागे गेलं. एका जागी थांबलं, आणि त्यानं नखानं ती जागा दाबून घासली, एकदा, दोनदा.

"...सतराशे ब्याऐंशी साली झाला," तो म्हणाला.

"काय झालं तिथं?" सरांनी विचारलं. आवाज त्यांचा राहिला नव्हता.

"काय नाय, सर. टोचताना चुकून सहा पडला व्हता. ब्रेलमधी सहाचं एक टिंब दाबून टाकलं की त्याचा दोन व्हतो. मी नखानं दाबलं व्हतं." मग तो ओशाळून हसला. "म्हंजी ह्याच्यावर नाय. त्या कागदावर. त्या जागी आलो की नख आपोआप जातं. चुकलो व्हतो म्हणून तर ते साल पक्कं हाय."

सरांनी फॉर्मची घडी केली, आणखी एक घडी केली आणि तो खिशात टाकला. घड्याळाकडे पाहून ते म्हणाले, "माझ्यापायी वेळ गेला तुझा. तेवढा वर घे. वरच्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. घाई करू नकोस."

तो पास झाला, बी.एड.ला त्याचा नंबर लागला, हे सगळं जूनमधलं. पण मला त्या दिवशी बाहेर पडतानाही निकालाची काळजी उरली नव्हती.

पेपर संपला. सरांनी उत्तरपत्रिका बांधली. शिपाई खोली आवरायला आला, कॅरम बोर्ड उचलायच्या आधी त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं.

"राहू दे जरा," सर म्हणाले.

शिपाई बाजूला झाला. सर बोर्डावर वाकले. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला आपलं बोट ठेवलं. हळूहळू ते पुढे नेलं. मग दुसऱ्या ओळीवर, मग खाली, नखानं घासलेल्या त्या जागेपर्यंत. तिथे ते थांबले आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभे राहिले. त्यांच्या कॉपीबहाद्दर विद्यार्थ्यांनी हे पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

लाकडावरून बोट सरकल्याचा आवाज वाल्मीकला आला असणार. काठी हातात घेऊन तो दाराशी पोचला होता, तो वळला.

"बोटाला काय लागतंय का, सर?"

"नाही रे," सर म्हणाले. "मला काहीच लागत नाही."

"कसं लागंल," वाल्मीक त्यांची समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तुमी टोचलं नाय ना, सर."