कौलांच्या कारखान्यातलं रिंगण

नणंद-भावजयीचं पटत नाही असं जग म्हणतं. या दोघींचं मात्र झकास पटायचं, कारण एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा असलेला तो एकच माणूस रविवारी दहाच्या आत डोळा उघडायचा नाही आणि त्याच्या घोरण्याचा दोघींनाही सारखाच वैताग होता. तेव्हा दर रविवारी तांबडं फुटायला दोघी सायकली बाहेर काढायच्या.

नणंद साठीची. शाळेत तीस वर्षं खेळ शिकवून निवृत्त झालेली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. रस्त्यात कोणी आडवं आलं की ती कानठळ्या बसवायची. भावजय तिला ‘वन्सं’ म्हणायची, आधी थट्टेनं आणि पुढे सवयीनं. भावजय मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायची. दिवसाला साठ-सत्तर हात तिच्यापुढे यायचे, आणि शीर कितीही दडलेली असो, ती एका टोचणीत काम उरकायची. म्हणून वन्संनी तिचं नाव ठेवलं होतं सुई. स्वभावानं ती इतकी मऊ, की झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायची.

सायकलफेरीचा नियम एकच. गेल्या वेळचा रस्ता पुन्हा धरायचा नाही, आणि काहीतरी अजब बघितल्याशिवाय माघारी फिरायचं नाही. अजब बघायला तोटा नव्हता. एका शेतात त्यांना विमानाचं नुसतं धड दिसलं होतं आणि त्याच्या खिडक्याखिडक्यांतून कोंबड्या डोकावत होत्या. एका माळावर नुसतंच दार उभं होतं, चौकटीसकट, पुढे भिंत नाही की मागे भिंत नाही, आणि त्याला भलंमोठं कुलूप! एकदा तर कालव्याच्या काठी एक शिपाई माणसाच्या हाडांचा सापळा साबण लावून घासत बसला होता.

“शाळेतला आहे,” तो लाजून म्हणाला होता.

“चोळा चोळा,” वन्सं म्हणाल्या, “इतकी वर्षं अंघोळ नाही बिचाऱ्याला.”

घरी पोचेपर्यंत दोघी हसत होत्या.

त्यांच्या इमारतीच्या फाटकावर एक वॉचमन होता. चाळिशीचा, बुटका, कमी बोलणारा. शनिवारी संध्याकाळी दोन्ही सायकलींची चाकं अंगठ्यानं दाबून बघायचा आणि न सांगता हवा भरून ठेवायचा. “उद्या कुठं, ताई?” एवढंच विचारायचा. सुई म्हणायची, “जिकडं चाक वळेल तिकडं.”

त्या रविवारी चाक वळलं ते बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याकडे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटक्या कौलांचे ढीग, मधून गवत. पडक्या भिंतीपाशी बऱ्याच मोटरसायकली लावलेल्या होत्या. आतून आवाज येत होता, पण तो आरडाओरडा नव्हता. पुष्कळ माणसं एकदम श्वास रोखतात आणि एकदम सोडतात, तसा.

“चला वन्सं, मागे फिरू,” सुई म्हणाली.

“आणि अजब?” वन्सं सायकल भिंतीला टेकवून मोकळ्या झाल्या.

भिंतीच्या भगदाडातून त्यांनी पाहिलं. कौलं वाळवायच्या मोठ्या पडवीत जुनी दारं आडवी उभी करून एक रिंगण केलं होतं. भोवती पंधरावीस माणसं. आत दोन कुत्रे. एक तपकिरी, आणि एक जो कधीतरी पांढरा असावा. पांढऱ्यानं तपकिरीचा खांदा तोंडात धरला होता आणि तो डोकं झटकत होता, ओलं फडकं झटकावं तसं. भुंकणं नाही, केकाटणं नाही. नखांचा फरशीवर खरखर आवाज तेवढा. तपकिरीचा कान निम्माच उरला होता. तो कोसळला की एक माणूस त्याला मानेला धरून उठवायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि परत आत ढकलायचा. तिसऱ्यांदा ढकलला तेव्हा कुत्र्याचे पुढचे पाय उभेच राहिले नाहीत. त्यानं पोटावर सरपटत दाराची कड गाठली आणि तिथं तोंड टेकलं.

“गेला हा. काढा बाहेर,” कोणीतरी म्हणालं.

मघाच्याच माणसानं त्याला मागच्या पायाला धरून बाहेर ओढलं आणि कोपऱ्यातली लोखंडी सळई उचलली. पहिला घाव कुत्र्याच्या पाठीवर बसला. कणा मोडल्याचा आवाज भिंतीपर्यंत आला.

वन्संनी शिट्टी फुंकली.

तीस वर्षं अख्खं मैदान थोपवलेली शिट्टी ती. पोलीस आले असं वाटून माणसं कौलांवरून धडपडत पळत सुटली, एकमेकांना तुडवत, मोटरसायकली पाडत. पांढऱ्या कुत्र्याला दोघांनी फासात धरून टेम्पोत कोंबलं. दोन मिनिटांत पडवी रिकामी झाली. राहिला तो सळईवाला. त्यानं वळून पाहिलं आणि सुईनं त्याला ओळखलं. तो फाटकावरचा वॉचमन होता.

तोही ओळखून थबकला. “ताई, तुम्ही जा,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच, हळू. “हे तुमचं काम नाही. घरी जा.”

पण वन्सं तोवर भगदाडातून आत गेल्या होत्या. त्यांनी खिशातला फोन काढून त्याचा, कुत्र्याचा, रिंगणाचा फोटो घेतला आणि शाळेतल्या कार्ट्याला दम द्यावा तसा दम दिला, “सळई खाली ठेव! ठेव म्हणते ना!”

“फोन द्या.”

“देत नाही. काय करशील?”

काय करणार ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसावं. सळई वर गेली आणि खाली आली. वन्संच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. त्या गुडघ्यावर बसल्या, पण फोन सोडेनात. त्यानं सळई पुन्हा उचलली.

सुईच्या हातात सायकलच्या कुलपाची साखळी होती. ती हातात कधी आली हे तिला पुढे कितीदा विचारलं तरी सांगता आलं नाही. पहिला फटका तिनं त्याच्या मनगटावर मारला आणि सळई खणखणत पडली. तो वाकून सळई घ्यायला गेला. दुसरा फटका तोंडावर बसला, कुलपाच्या बाजूनं. तो उताणा पडला. नाकातून, ओठातून रक्त आलं. एक हात वर करून तो म्हणाला, “ताई.”

तिथं थांबायचं होतं. सळई लांब होती. माणूस आडवा होता. वन्सं म्हणत होत्या, “बस्स, सुई, बस्स.” सुईला सगळं लख्ख ऐकू येत होतं. दंडात एक ऊब चढली होती, जी तिनं उभ्या जन्मात अनुभवली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती हवीहवीशी होती. तिनं साखळी दोन्ही हातांनी धरली आणि तिसरा फटका मारला. डाव्या डोळ्यावर.

मग ऊब उतरली. तिचे हात आपणहून कामाला लागले. ओढणी फाडून तिनं वन्संचा हात गळ्यात बांधला. उरलेल्या कापडाची घडी करून वॉचमनच्या डोळ्यावर दाबून धरली आणि रुग्णवाहिकेला फोन केला. गाडी येईपर्यंत ती तशीच बसून होती, एका हाताखाली त्याचं डोकं. तपकिरी कुत्रा तिच्याकडे बघत बघत मेला. मरायला त्याला बराच वेळ लागला.

सुईच्याच दवाखान्यात वन्संना शस्त्रक्रियेसाठी आत न्यायच्या आधी त्यांनी सुईला जवळ बोलावलं.

“हवालदार येईल. दोन म्हणून सांग.”

“काय दोन?”

“वेड पांघरू नकोस. तो अंगावर आला, तू दोन मारलेस, तो पडला. बाकी मी बघितलं नाही.”

“तुम्ही बघितलंत वन्सं. बस्स म्हणालात.”

“मी हाड मोडून पडले होते, मला काय शुद्ध? अगं, नोकरी जाईल तुझी! आणि कोणापायी? ज्यानं माझ्यावर सळई घातली त्याच्यापायी? तू माझ्यासाठी मारलंस त्याला.”

“दोन तुमच्यासाठी,” सुई म्हणाली. “तिसरा नाही.”

हवालदार बाई होती, कामाला कंटाळलेली. तिचं लिहिणं चाललं होतं. ‘तिसरा तो पडल्यावर मारला’ हे ऐकल्यावर तिचं पेन थांबलं. “नीट आठवून सांगा हं,” ती म्हणाली. “घाबरल्यावर माणसाचं मोजणं चुकतं.” तिनं सुईला पळवाट दाखवली होती, ती सुईलाही कळली. “तीनच,” सुई म्हणाली. तेव्हा बाईनं सुस्कारा सोडून लिहून घेतलं.

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारला. “हरिश्चंद्र व्हायला आजचाच मुहूर्त सापडला का?” तो म्हणाला, पण दोन दिवस स्वयंपाक त्यानंच केला, आणि रात्री ती दचकून उठली की दिवा लावून बसायचा. वन्संनी मात्र अबोला धरला. सुई डबा घेऊन गेली की त्या भिंतीकडे तोंड करायच्या.

पाचव्या दिवशी सुई त्याच दवाखान्यातल्या दुसऱ्या मजल्यावर गेली. दाराशी पोलीस पेंगत होता. पांढरा कोट बघून त्यानं अडवलं नाही. वॉचमन खाटेवर पडला होता, डाव्या बाजूला पट्ट्या. तो डोळा काढावा लागला होता. ती उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

“मी जा म्हणालो होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“तुमच्या वन्सं कशा आहेत?”

“हाडात पट्टी बसवलीय. बऱ्या होतील.”

तो छताकडे बघत म्हणाला, “पहिल्या दोनचं मी काही म्हणत नाही. तिसरा कशाला, ताई?”

वाटभर तिनं उत्तरं जुळवली होती. भीती वाटली, कळलं नाही, डोकं फिरलं.

“आवरलं नाही,” ती म्हणाली.

त्यानं मान वळवली आणि उरलेल्या डोळ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तेच तिला जड गेलं. “तिथं मलाही आवरत नाही,” तो म्हणाला. “पहिल्यांदा नुसता बघायला गेलो होतो. तुमच्यासारखाच.”

ती खाली आली आणि तिनं पांढरा कोट काढून लॅबच्या खुंटीला लावला.

पुढचं सगळं रीतसर झालं. फोटोवरून आणि तिथंच पडून राहिलेल्या मोटरसायकलींवरून पोलिसांनी नऊ जण पकडले. टेम्पोतला पांढरा कुत्रा सापडला, पण तो कोणालाच जवळ येऊ देईना. महिनाभर खटपट करून शेवटी जनावरांच्या डॉक्टरनं त्याला मरणाचं इंजेक्शन दिलं. वॉचमनला दोन वर्षांची शिक्षा झाली. सुईला कोर्टानं दोषी धरलं आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. दवाखान्यानं तिला सहा महिने घरी बसवलं. परत घेतलं ते कागदपत्रांच्या टेबलावर. तिनं तक्रार केली नाही. हात कापत नव्हते, पण समोर बसलेल्या माणसानं डोळे मिटून विश्वासानं दंड पुढे करावा हे तिला सोसलं नसतं.

वन्संचा अबोला मोडला तो कोर्टाच्या पायऱ्यांवर. निकाल ऐकून बाहेर आल्या, धाप लागली म्हणून मधल्याच पायरीवर बसल्या आणि सुईचा हात ओढून तिलाही बसवलं.

“शाळेत दोन पोरं मारामारी करायची,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मी विचारायची, सुरुवात कोणी केली. तीस वर्षं हेच विचारलं. थांबलं कोण नाही, हे कधी विचारलंच नाही मी.”

सुईनं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.

“माझंच चुकलं. मी आत शिरायला नको होतं.”

“तुम्ही शिरला नसतात तर मी पळून गेले असते, वन्सं. आणि कुत्रा तर मेलाच असता.”

“मेलाच की तो.”

“हो. मेलाच.”

खांदा धरला म्हणून वन्संना पायरीवरून उठता येईना. सुईनं काखेत हात घालून त्यांना उभं केलं, आणि दोघी सावकाश खाली उतरून बसच्या थांब्याकडे चालू लागल्या.