अध्यक्षीणबाईंचा नियम

बद्रीनाथ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले आणि बीडमधल्या आपल्या कॉलनीचे अध्यक्ष झाले. बिनपगारी काम, बेचाळीस घरं, आणि सत्यशीलाताई. ताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. मशीनवर बसण्याआधी त्या रोज सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर एक तक्रार टाकत. कधी नाली तुंबलेली, कधी गेट करकरतं, कधी कुत्री.

सहा वर्षं बद्रीनाथांनी निमूट ऐकून घेतलं. मग सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि पुढच्या अध्यक्ष म्हणून ताईंचं नाव सुचवलं. ताईंनी तोंड उघडायच्या आत टाळ्या पडल्या.

ताईही काही कमी नव्हत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी नियम काढला: जो तक्रार करील, त्यानंच ते काम करायचं. अंगदनं नालीबद्दल लिहिलं, तर त्याच्या दारात फावडं हजर. आप्पारावांनी कुत्र्यांचा विषय काढला आणि नगरपालिकेचे तीन हेलपाटे त्यांच्याच गळ्यात पडले. पंधरा दिवसांत ग्रुपवर नुसती सुप्रभातची फुलं उरली. कॉलनी सुधारली, असं ताई माहेरी फोन करून सांगू लागल्या.

एका सकाळी दुकानाला जाताना त्यांचा पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. कॉलनीच्या बोअरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. बाजूला कुणीतरी विटा मांडून ये-जा करायची सोय केली होती. विटांवर शेवाळ धरलं होतं. म्हणजे गळती आजची नव्हती.

समोरच्या ओट्यावर बद्रीनाथ पेपर वाचत होते.

"काका, तुमी रोज हितं बसता. बोलला कावून न्हाई?"

"बोललो असतो तर पान्हा मलाच धरावा लागला असता," बद्रीनाथ शांतपणे म्हणाले. "नियम लई कडक हाय तुमचा."

ताईंना राग आला, आणि लगेच हसूही आलं. कारण बऱ्याच दिवसांपूर्वी त्यांनीही ओल पाहिली होती आणि मान वळवून निघून गेल्या होत्या. हे त्यांनी काकांना सांगून टाकलं. मग काकांनी घरातून पान्हा आणि सुतळी आणली, ताईंनी पदर खोचला. दोघं चिखलात बसल्यावर आजूबाजूचे जमले आणि नट कुठल्या बाजूला फिरवायचा यावर त्यांच्यात वाद लागला. तासाभरानं गळती थांबली.

त्या दिवशी ताईंनी नियम बदलला. तक्रार कुणीही करावी, काम दुसऱ्या दोघांनी करावं, तक्रार करणाऱ्यानं फक्त चहा पाजावा. पहिल्याच आठवड्यात अकरा तक्रारी आल्या. त्यातल्या तीन शेवटच्या घरातल्या तुळजाबाईंच्या. लेक पुण्याला, घरात त्या एकट्याच. यापूर्वी त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

तिसरी तक्रार अशी होती की, दारातल्या लिंबाची पानं गळतात. ताई आणि बद्रीनाथ झाडू घेऊन गेले. पानं पाच मिनिटांत गोळा झाली. आत पातेलंभर चहा उकळत होता, आणि ताटात गरम धपाटे होते.

"काका, हितली पानं रोजच गळणार," ताई हळूच म्हणाल्या.

"गळू द्या की," बद्रीनाथ म्हणाले आणि चपला काढून आत गेले.